कंपनीकडूनच घेतलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप: पाच महिन्यांनंतर

भाचीने खोका उघडला, लॅपटॉप बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "मावशी, हा आधी कुणाचा होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोक्यातल्या कागदांवरही नव्हतं. वॉरंटीचं कार्ड होतं, चार्जर होता, आणि एक चकचकीत पत्रक होतं, त्यावर लिहिलं होतं: "नव्यासारखा." मी गेली १९ वर्षं ऑफिसांमधली झेरॉक्स मशीन आणि प्रिंटर दुरुस्त करते. जुनी मशीन हाच माझा धंदा आहे, त्यामुळे वापरलेल्या वस्तूची मला भीती वाटत नाही. पण भाचीचा प्रश्न मनात रुतून बसला, आणि हा रिव्ह्यू त्याच्याभोवतीच आहे. लॅपटॉप कसा चालतो हे तर सांगतेच. त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्वतःचाच जुना माल परत घेऊन पुन्हा विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला काय सांगते आणि काय सांगत नाही.

आधी वस्तू. १४ इंची, ऑफिसात देतात त्या जातीचा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीचा एसएसडी (माहिती साठवायची ड्राइव्ह), प्रोसेसर तीन पिढ्या मागचा. दुकानातून नाही, कुठल्या मध्यस्थाकडूनही नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून परत आलेल्या आणि नीट केलेल्या मालाचा वेगळा विभाग आहे, तिथून घेतला. प्रतवारी 'ए', वॉरंटी एक वर्षाची. त्याच ताकदीच्या नव्या मशीनच्या जवळपास निम्म्या पैशांत पडला. भाचीला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, रोज आठ-नऊ तास वापर होणार. त्यासाठी तकलादू बांधणीच्या नव्या लॅपटॉपपेक्षा भक्कम बांधणीचा जुना कधीही बरा, हे माझं मत आधीपासून होतं आणि पाच महिन्यांनंतरही तेच आहे.

पहिल्या संध्याकाळी मी तो टेबलावर घेतला आणि दिव्याखाली नीट पाहिला. कीबोर्ड कोरा करकरीत होता. बोटं सतत लागून गुळगुळीत झालेल्या कळा लगेच ओळखू येतात, या सगळ्या सारख्या खरखरीत होत्या. म्हणजे कीबोर्ड बदललेला. त्याच्या खालचा टचपॅड मात्र मधोमध झिजून चकाकत होता. स्क्रीनवर एक ओरखडा नव्हता, उजेड चारी कोपऱ्यांत सारखा होता. इथे मी जरा थबकले. ज्याचा टचपॅड इतका झिजलाय त्याची स्क्रीन इतकी कोवळी कशी? खालच्या झाकणाला आठ स्क्रू, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा काळा. झाकण उघडलं. पंख्याची पाती स्वच्छ, हवा मारून धूळ काढलेली, पण उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये एक बारीक राखाडी रेघ उरली होती. रबरी पायांपैकी दोन नवे, कडेला ताजा गोंद दिसत होता.

काम करणाऱ्याचा हात अनुभवी असावा. स्क्रू योग्य जोराने आवळलेले, वायरी आपापल्या खाचांत बसवलेल्या, चिकटपट्टी जिथे कारखान्यात लावतात तिथेच. माझ्या धंद्यात असं नेटकं काम पाहिलं की त्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटतो.

मग आकडे काढले. विंडोजमध्ये एक कमांड दिली की बॅटरीचा अख्खा अहवाल तयार होतो. मूळ क्षमता ५७,००० मिलिवॉट-तास, आता पूर्ण चार्ज झाल्यावर ४९,६००, म्हणजे ८७ टक्के. चार्जची आवर्तनं २१४. एसएसडीच्या पोटातही नोंदवही असते. ती वाचणारी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एकूण चालू तास ६,१४०. दिवसाला आठ तास धरले तर ७६७ दिवस झाले, म्हणजे कामाच्या दिवसांच्या हिशेबाने तीन वर्षांहून थोडं जास्त. आणि शेवटी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये गेले, तर 'अॅसेट टॅग'च्या रकान्यात सात आकडी नंबर तसाच राहून गेला होता. घरगुती वापरात हा रकाना कुणी भरत नाही. मोठं ऑफिस आपल्या शेकडो मशीनांचा हिशेब ठेवायला भरतं.

तेव्हा भाचीला सांगितलं, "बहुतेक एका ऑफिसात तीन वर्षं होता, भाडेकरारावर. करार संपला तसा परत कंपनीकडे आला." तिने विचारलं, "मग हे त्यांनी लिहिलं का नाही? ही तर चांगली गोष्ट आहे."

मी धंद्याला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी शिकवलं होतं, मशीनला हात लावण्याआधी काउंटर बघायचा. प्रत्येक झेरॉक्स मशीनमध्ये आजवर किती पानं निघाली त्याचा आकडा असतो. पुढचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला एक सर्व्हिस कार्ड चिकटवलेलं असायचं: अमुक तारखेला ड्रम बदलला, तमुक तारखेला फ्यूजर, फीड रोलर, काउंटर इतका. ते कार्ड वाचलं की मशीनशी ओळख होते. पाच लाख पानं काढलेलं, पण वेळच्या वेळी ड्रम बदललेलं मशीन मी डोळे झाकून घेईन. ऐंशी हजार पानांचं, पण कार्ड फाडून टाकलेलं मशीन समोर आलं तर दहा वेळा विचार करीन.

जुना माल परत घेऊन नीट करून विकणं हा आमच्या धंद्यात जुना प्रकार आहे, कारण मोठी मशीन पूर्वीपासून भाड्याने जात आली. झेरॉक्स कंपनीने १९५९ साली ९१४ नावाचं मशीन आणलं ते मुख्यतः भाड्यानेच दिलं. मशीन गिऱ्हाइकाच्या ऑफिसात, मालकी कंपनीची. मशीन उद्या आपल्याच दारात परत येणार आहे हे माहीत असेल तर बनवणारा ते वेगळ्या हाताने बनवतो. चिकटवण्याऐवजी स्क्रू लावतो, झिजणारे भाग सहज निघतील असे ठेवतो, एका मॉडेलचा भाग पुढच्या मॉडेलला चालेल असं बघतो. १९९०च्या दशकात झेरॉक्सने परत आलेल्या मशीनांचे भाग धुऊन, तपासून पुन्हा उत्पादनात वापरण्याची मोठी व्यवस्था उभी केली. मी ज्या मशीनांवर हात बसवला त्यांच्यात ते दिसायचं. एक बाजू उघडली की सगळं हाताशी यायचं.

इंजिनांच्या दुनियेत तर याहून जुनं काम आहे. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीने पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्वा इथे १९४९पासून जुनी इंजिनं आणि गिअरबॉक्स पुन्हा नव्याच्या मापात आणण्याचं काम केलं. अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलरने १९७३मध्ये सुरुवात केली. तिथली पद्धत मला फार आवडते. दुरुस्त करून नव्याच्या मापाला आणलेला भाग घ्यायला गेलात की किमतीसोबत अनामत भरावी लागते. तुमचा झिजलेला जुना भाग, ज्याला तिथे 'कोअर' म्हणतात, तो परत आणून दिला की अनामत परत. कोअर फुटलेला निघाला, भाग गहाळ असले तर अनामत कापली जाते, आणि कशासाठी किती कापायची याचे निकष आधीच छापलेले असतात. गिऱ्हाईक कोअर जपून ठेवतो, कारण त्याला त्यात पैसे दिसतात. कंपनीलाही तो हवाच असतो. ओतलेलं लोखंड पुन्हा वितळवण्यापेक्षा घासून, मापात आणून वापरणं पुष्कळ स्वस्त पडतं, शिवाय ते ओतताना खर्ची पडलेली ऊर्जा वाया जात नाही.

इथे शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण जाहिराती तो मुद्दाम वाढवतात. रिसायकलिंग म्हणजे वस्तू मोडून धातू, प्लॅस्टिक वेगळं काढणं. त्यात वस्तू संपते. रिफर्बिशिंग म्हणजे वस्तू तीच ठेवून साफसफाई, तपासणी, बिघडलेलं बदलणं. रिमॅन्युफॅक्चरिंगमध्ये वस्तू पूर्ण सुटी करून प्रत्येक भाग नव्याच्या मापात आणून पुन्हा जोडतात. माझ्या भाचीचा लॅपटॉप मधल्या प्रकारातला. पत्रकावर मात्र तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात गुंफले होते, जणू ते एकच आहेत.

आता विमानाच्या टायरची गोष्ट. विमानाचे टायर वरचा रबराचा थर झिजला की फेकत नाहीत. सांगाडा तपासून त्यावर नवा थर चढवतात, आणि हे अनेकदा करतात. जमिनीला टेकताना त्या टायरवर केवढा भार येतो, त्यावर किती माणसांचा जीव असतो! तरी वापरलेला टायर चालतो, कारण त्याच्या बाजूवर आर हे अक्षर आणि पुढे आकडा उमटवलेला असतो. आर-३ म्हणजे तिसऱ्यांदा थर चढलेला. भूतकाळ रबरावरच लिहिलेला. तो लपवला असता तर कुठल्याच मेकॅनिकने टायर बसवला नसता. जिथे चूक महागात पडते तिथे इतिहास उघडा ठेवतात, आणि म्हणूनच विश्वास टिकतो.

मग लॅपटॉप-मोबाइलवाल्या कंपन्या उलटं का वागतात? माझ्या मते कारण एकच आहे. त्यांना स्वतःच्याच जुन्या मालाची धास्ती वाटते. निम्म्या पैशांत मिळणारा तीन वर्षांचा लॅपटॉप सहा वर्षं चालला, तर यंदाचा नवा कोण घेणार? म्हणून रिफर्बिश्ड विभाग वेबसाइटच्या तळाशी, बारीक अक्षरांत. मॉडेलं मोजकी, साठा कधी आहे कधी नाही. मला हवं ते मॉडेल मिळायला सहा आठवडे रोज सकाळी पान उघडून बघावं लागलं. माल नसेल असं मला वाटत नाही. ऑफिसांचे करार रोज संपतात, गाड्या भरून मशीन परत येतात. किती मशीन स्वतःच्या नावाने विकायची, किती ठोक व्यापाऱ्यांना द्यायची आणि किती मोडायची हे कंपनी ठरवते, आणि ते ठरवताना तिची नजर नव्या मालाच्या खपावर असते.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मात्र अन्यायाचं होईल. अॅपल रिफर्बिश्ड आयफोन विकताना नवी बॅटरी आणि नवं बाहेरचं कवच घालते, एक वर्षाची वॉरंटी देते. ही चोख पद्धत आहे. पॅटागोनिया या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीने २०११मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्याच जॅकेटाचं चित्र छापून 'हे जॅकेट घेऊ नका' अशी जाहिरात दिली होती. ती कंपनी आज आपले वापरलेले कपडे परत घेऊन, शिवून विकते, आणि लावलेलं ठिगळ झाकत नाही. ठिगळ दिसतं हेच मला तिथे महत्त्वाचं वाटतं.

वापरलेल्या मालाच्या बाजाराचं दुखणं अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्येच जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. विकणाऱ्याला खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरसकट कमी भाव देतो, आणि मग चांगला माल विकणारे बाजारातून निघून जातात. कंपनीची वॉरंटी हा त्यावरचा अर्धा उतारा आहे. उरलेला अर्धा म्हणजे माहिती, आणि उत्पादकाइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडेच नसते. मशीन कधी बनलं, कुणाला दिलं, कितीदा दुरुस्तीला आलं, प्रत्येक सीरिअल नंबरमागे सगळं नोंदलेलं असतं.

हे मी अंदाजाने बोलत नाही. तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉपचं वायफाय कमजोर झालं. राउटरच्या खोलीत ठीक, शेजारच्या खोलीत गेलं की तुटायचं. मला कारण कळलं होतं, अँटेनाची बारीक टोपी कार्डावर नीट दाबून बसवलेली नसणार. मिनिटाभराचं काम. पण वॉरंटी कशी पाळतात ते बघायचं होतं, म्हणून हात लावला नाही आणि फोन केला. फोनवरचा मुलगा सौजन्याने बोलत होता. त्याने सीरिअल नंबर टाकला आणि सहज बोलून गेला, "मॅडम, या युनिटला याआधी दोनदा कीबोर्ड आणि एकदा डिस्प्ले पॅनेल बदललेलं दिसतंय, अँटेनाची तक्रार मात्र पहिलीच आहे."

म्हणून स्क्रीन कोवळी होती! मी त्याला म्हटलं, "ही सगळी नोंद मला मेलवर पाठवता का?" तो जरा थांबला. "सॉरी मॅडम, ते इंटर्नल रेकॉर्ड असतं. गिऱ्हाइकाला देता येत नाही."

मला राग आला तो त्या मुलावर नाही. पॅनेल नवं आहे ही बातमी कंपनीने खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. माझ्यासारखी बाई त्यासाठी चार पैसे जास्त देईल. पण एकदा 'नव्यासारखा' असं म्हटलं की काय बदललं ते सांगता येत नाही, कारण बदललं म्हणजे आधी बिघडलं होतं. एका शब्दापायी स्वतःच्या कारागिरांचं चांगलं काम कंपनी झाकून ठेवते. फ्रान्समध्ये २०२२च्या नियमाने रिफर्बिश्ड मालाला 'नव्यासारखा' म्हणायलाच बंदी केली. आधी मला तो शब्दच्छल वाटला होता. आता त्यातला शहाणपणा कळतो.

दुरुस्ती चांगली झाली. त्यांनी रिकामा खोका पाठवला, नऊ दिवसांत लॅपटॉप परत आला, सोबत छापील चिठ्ठी: "अँटेना कनेक्टर पुन्हा बसवला, सिग्नल चाचणी उत्तीर्ण." तारीख, तंत्रज्ञाचा नंबर, सगळं व्यवस्थित. म्हणजे मनात आणलं तर लिहून देता येतं. पहिल्या विक्रीच्या खोक्यात अशीच एक चिठ्ठी असती तर मी या रिव्ह्यूत पूर्ण पाच तारे दिले असते. मात्र विक्रीआधी वायफाय दुसऱ्या खोलीतून तपासलं असतं तर ही वेळच आली नसती, तेही लिहून ठेवते.

आता दुसरं दार, जिथून जुना माल आत जातो. माझा स्वतःचा आठ वर्षांचा लॅपटॉप त्याच कंपनीच्या बायबॅकमध्ये, म्हणजे जुना माल परत विकत घेण्याच्या योजनेत द्यायचं ठरवलं. वेबसाइटवर पाच प्रश्न होते: चालू होतो का, स्क्रीन फुटली आहे का, चार्जर आहे का वगैरे. मी खरी उत्तरं दिली, एक रक्कम दिसली, मान्य केली. माझी एक सवय आहे, मशीन बंद करताना स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा बारीक ठिपका लावते, अर्धा स्क्रूवर, अर्धा झाकणावर. माझ्यानंतर कुणी उघडलं तर ठिपका मोडतो. या लॅपटॉपलाही ते ठिपके होते.

दहा दिवसांनी मेल आला: "सखोल तपासणीत स्क्रीनवर डाग आढळल्याने" रक्कम ठरल्याच्या तिसऱ्या हिश्शावर आली होती. सोबत एक फोटो, त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं, डाग नाही. पाच दिवसांत मान्य करा, नाहीतर माल परत पाठवू. मी परत मागवला. खोका उघडला तर दहाच्या दहा लाल ठिपके शाबूत. सखोल तपासणी म्हणे! झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी मी त्यात नवी बॅटरी टाकली होती, ती कुणी पाहिलीच नाही.

या भागाला मी एक तारा देते, तोही ने-आणीचा खर्च त्यांनी केला म्हणून. कोअरच्या पद्धतीत कशाचे किती कापणार हे आधी छापलेलं असतं. इथे रक्कम आधी दाखवतात आणि निकष नंतर सुचतात. याचा परिणाम मी रोज पाहते. लोक जुना लॅपटॉप कपाटात ठेवून देतात, कारण परत देण्यात काही राम नाही असं त्यांना वाटतं. कपाटातली बॅटरी मरते, फुगते, आणि चार वर्षांनी ते मशीन फक्त मोडण्याच्या लायकीचं उरतं. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. जी वस्तू अजून दोन माणसांच्या हाताखालून जाऊ शकली असती ती या ढिगात गेली की मला वाईट वाटतं. लॅपटॉप किंवा मोबाइलच्या आयुष्यातलं बहुतांश प्रदूषण तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं. त्याचं आयुष्य वाढवणं हीच खरी बचत, मोडून तांबं काढणं हा शेवटचा उपाय.

परत देण्याआधी एक काम मात्र न विसरता करा. खात्यातून साइन आउट व्हा, बायोसचा पासवर्ड काढा, हरवलेला फोन शोधणारी 'फाइंड माय'सारखी सोय बंद करा. अॅपलने २०१३मध्ये आणलेलं अॅक्टिव्हेशन लॉक चोरी रोखण्यासाठी उत्तम आहे, पण मालक कुलूप काढायला विसरला तर चालता फोन पुढे कुणालाच वापरता येत नाही. तो सरळ मोडायला जातो.

कंपनीने स्वतः नीट केलं नाही तर दुसऱ्या कुणी करावं, हेही तिला खपत नाही, याचा इतिहास माझ्या धंद्यातच आहे. लेक्समार्क या प्रिंटरच्या कंपनीने टोनरची (प्रिंटरच्या शाईपुडीची) काडतुसं सवलतीत विकली आणि अट घातली की रिकामं काडतूस आमच्याकडेच परत करा. दुसऱ्या एका कंपनीने ती रिकामी काडतुसं गोळा करून भरून विकली, तेव्हा लेक्समार्कने पेटंटचा दावा लावला. २०१७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटाचा हक्क संपतो. त्याआधी एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यांवरून फुजीने असाच खटला लढवला होता. आता कोर्टाऐवजी चिपचा आधार घेतात. भाग अस्सल असला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याशिवाय चालत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४मध्ये याविरुद्ध कायदा केला. मी रिकामी काडतुसं १९ वर्षं भरते आहे. नीट धुऊन, ब्लेड बदलून भरलेलं काडतूस छापील पानावर ओळखू येत नाही, त्यामुळे हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

तर मग घ्यावा का? हो, घ्या. वायफायचा तो एक प्रसंग सोडला तर पाच महिन्यांत लॅपटॉप एकदाही अडला नाही. बॅटरी अजून ८६ टक्क्यांवर आहे, साडेपाच तास आरामात चालते. बिजागरी घट्ट आहे, गरम होतो तो गरजेपुरता. मध्यस्थाकडून घेण्यापेक्षा कंपनीकडून घेतल्याचा फायदा वायफायच्या वेळी दिसला, सुटा भाग अस्सल आणि जबाबदारी कुणाची यावर वाद नाही. आल्या दिवशीच बॅटरीचा अहवाल काढा, एसएसडीचे तास बघा, वायफाय दुसऱ्या खोलीतून तपासा, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत काय ते ठरवा. आकडे वाईट निघाले तर भीड न बाळगता परत पाठवा. फोनवर बोलण्याची वेळ आली तर सीरिअल नंबरचा इतिहास विचारा. लिहून देत नाहीत, पण कधीकधी सांगतात. विकण्याच्या बाजूला माझे चार तारे. बायबॅकला एक.

माझा जुना लॅपटॉप मी ओळखीच्या एका शिकाऊ मुलाला दिला, त्याच लाल ठिपक्यांसकट.

आणि परवा रविवारी भाचीने कामातली सर्व्हिस कार्डं मागितली. माझ्याकडे अजून एक गठ्ठा आहे, पिवळे पडलेले. तिने एक घेऊन सुंदर अक्षरात भरलं: आल्या दिवशी ६,१४० तास, २१४ आवर्तनं, बॅटरी ८७ टक्के. कीबोर्ड दोनदा बदलला, पॅनेल एकदा, तारखा माहीत नाहीत. अँटेना कनेक्टर बसवला, त्याची तारीख चिठ्ठीवरून. 'आधीचा मालक' असा रकाना कार्डावर नाही, तो तिने स्वतः पट्टीने आखला आणि लिहिलं, "एक ऑफिस, बहुधा तीन वर्षं." कार्ड दुमडून खालच्या झाकणाच्या आत, बॅटरीच्या शेजारी पंख्यापासून लांब चिकटवलं आणि आठही स्क्रू लावून मला म्हणाली, "मावशी, लाल रंग कुठे ठेवलाय?"